मॅन्युअल गाडीला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: बसतो का, आणि बसवावा का?

गाडी चांगली चालते, इंजिनाची कुरकुर नाही, कर्जही फिटलंय. फक्त डावा पाय क्लचला कंटाळलाय. अशा वेळी गॅरेजमध्ये हमखास एक प्रश्न येतो: "दादा, हिलाच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स टाकता येईल का?" दादा बहुतेक वेळा "येईल की" म्हणतात, आणि ते खोटंही नसतं. पुरेसा वेळ, पैसा आणि एक चांगला वेल्डर हाताशी असेल तर जवळजवळ कुठलाही गिअरबॉक्स कुठल्याही इंजिनाला जोडता येतो. पण बसतो का, हा या सगळ्यातला सर्वांत सोपा प्रश्न आहे. गाडीचा संगणक त्याला ओळखेल का, आरटीओ काय म्हणेल, अपघात झाला तर विमा कंपनी काय म्हणेल आणि दोन वर्षांनी ही गाडी घेणार कोण, हे प्रश्न नंतर येतात. तोवर पैसे देऊन झालेले असतात.

आधी ऑटोमॅटिक म्हणजे नेमकं काय ते बघू, कारण या एका शब्दाखाली चार वेगवेगळी यंत्रं विकली जातात.

सगळ्यांत स्वस्त आणि आपल्याकडे सर्वाधिक रुळलेलं ते एएमटी, म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन. 2014 साली मारुतीने सेलेरिओमधून ते आणलं आणि लहान गाडीतलं ऑटोमॅटिक एकदम मध्यमवर्गाच्या आवाक्यात आलं. गंमत अशी की हा मुळात मॅन्युअलच गिअरबॉक्स असतो. तीच क्लच प्लेट, तेच दात, तेच शाफ्ट. फक्त क्लच दाबायचं आणि दांडा हलवायचं काम माणसाऐवजी गिअरबॉक्सवर बसवलेली यंत्रणा करते आणि कधी करायचं ते एक छोटा संगणक ठरवतो. म्हणून ते स्वस्त, म्हणूनच मायलेजला चांगलं, आणि म्हणूनच गिअर बदलताना मान किंचित पुढे जाते. 2024 च्या स्विफ्टमध्ये तर कंपनीने जाहीर केलेलं मायलेज मॅन्युअलला 24.80 आणि एएमटीला 25.75 किलोमीटर आहे. ऑटोमॅटिक म्हणजे पेट्रोल पिणारी गाडी, ही जुनी समजूत एएमटीला लागू पडत नाही.

दुसरा प्रकार टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे जुन्या अर्थाने खरा ऑटोमॅटिक. इथे क्लच प्लेटच नसते. समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांपैकी एक चालू केला तर त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरायला लागतो; इथे वाऱ्याच्या जागी तेल असतं. एका बाजूला इंजिन, दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्स, आणि मध्ये तेलाचा जोर. त्यामुळे सिग्नलला गाडी गिअरमध्ये ठेवूनही इंजिन बंद पडत नाही आणि ब्रेक सोडला की गाडी आपसूक सरकते. किंमत म्हणून थोडी ताकद तेल गरम करण्यात जाते आणि ते तेल थंड ठेवायची वेगळी सोय लागते.

सीव्हीटीमध्ये पायरी-पायरीचे गिअर नसतात. पट्टा आणि लहान-मोठ्या होणाऱ्या पुली असतात. शहरात लोण्यासारखी चालते, घाईने पळवली तर इंजिन ओरडतं आणि गाडी मागून येते. डीसीटीमध्ये (फोक्सवॅगन तिलाच डीएसजी म्हणते) दोन क्लच: एक चालू गिअर सांभाळतो, दुसरा पुढचा गिअर आधीच तयार ठेवतो. चालवायला सर्वांत मजेदार, दुरुस्तीला सर्वांत महाग. या दोघांबद्दल इथे एवढंच पुरे, कारण दुसऱ्या गाडीत यांची अदलाबदल करायचा विचारही सहसा कोणी करत नाही.

प्रत्यक्षात काय काय बदलावं लागतं

एक खरंखुरं उदाहरण घेऊ. 2014 ची पेट्रोल स्विफ्ट. त्या पिढीची स्विफ्ट भारतात ऑटोमॅटिकमध्ये मिळतच नव्हती. पण त्याच सुमाराची डिझायर चार गिअरच्या टॉर्क कन्व्हर्टरसह विकली जात होती, आणि दोघींचं 1.2 लिटरचं के-सिरीज इंजिन एकाच कुळातलं. म्हणजे कागदावर याहून सोपं स्थळ सापडणार नाही. कुर्ल्याच्या स्पेअर पार्टच्या बाजारात अपघातात गेलेल्या डिझायरचा गिअरबॉक्स मिळाला, आणा आणि बसवा.

आता गॅरेजमधल्या जॅकखाली वाकून बघू. इंजिनाच्या टोकाला जड फ्लायव्हील आणि त्यावर क्लच असतो. तो सगळा संच काढून तिथे दात असलेली पातळ चकती येते आणि तिच्यावर टॉर्क कन्व्हर्टर. गिअरबॉक्सचा आकार आणि वजन बदललं म्हणून त्याची माउंटिंग बदलतात. त्यातून चाकांकडे जाणारे ड्राइव्ह शाफ्टही ऑटोमॅटिकचेच शोधावे लागतात, कारण लांबी किंवा टोकाचे दाते जुळले नाहीत तर एक तर ते बसणार नाहीत, नाही तर महिन्याभरात कडकड वाजतील. तेल थंड करायचं म्हणजे कुलर असलेला रेडिएटर आणि त्याचे पाइप आले. आत क्लचचं पेडल काढून रुंद ब्रेक पेडल, नवा दांडा, त्याची केबल, आणि पी-आर-एन-डी (पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह) दाखवणारा मीटर.

एवढ्यावर मेकॅनिकचं काम संपतं आणि खरी अडचण सुरू होते ती वायरिंगपासून.

गिअरबॉक्सला स्वतःचा संगणक असतो. तो वेगाचे सेन्सर वाचतो, आतले व्हॉल्व्ह उघडतो-मिटतो आणि सतत इंजिनाच्या संगणकाशी, म्हणजे ईसीयूशी, बोलत असतो. गिअर बदलायच्या क्षणी तो ईसीयूला सांगतो, "जरा जोर कमी कर". ईसीयू क्षणभर ताकद कमी करतो, गिअर बदलतो, ताकद परत येते. मॅन्युअल गाडीच्या ईसीयूला हा निरोप कळतच नाही. त्याला कोणी हा निरोप देईल अशी त्याची तयारीच केलेली नसते. मग गाडी प्रत्येक गिअरला धक्का देते, एन मधून डी मध्ये टाकली की इंजिन गुदमरतं, आणि मीटरवर चेक इंजिनचा पिवळा दिवा कायमचा वस्तीला येतो. म्हणून ईसीयूही डिझायरचाच आणायचा. त्याबरोबर चोरीविरोधी इमोबिलायझर येतो, जो नव्या ईसीयूला जुनी चावी ओळखू देत नाही. तिथून मग संगणक उघडून बसणाऱ्या माणसाची शोधाशोध सुरू होते.

या सगळ्यात एक छोटा स्विच असतो, ज्याकडे घाईत दुर्लक्ष होतं. ऑटोमॅटिक गाडी फक्त पी किंवा एन मध्येच सुरू होते, कारण दांडा डी मध्ये असेल तर हा स्विच स्टार्टरची वायर तोडून ठेवतो. जोडाजोडी करताना तो "डायरेक्ट" करून टाकला, म्हणजे तारेला तार जोडून मोकळे झाले, तर गाडी सुरू होईल आणि मालक खूशही होईल. मग एखाद्या सकाळी दांडा डी मध्ये राहिलेला असताना चावी फिरेल आणि गाडी पार्किंगमधल्या भिंतीवर जाईल. भिंत असली तर नशीब म्हणायचं. अशा गाडीत बसण्यापूर्वी हा एक स्विच मी आधी तपासेन, बाकी सगळं नंतर.

आणि हे आठवा: हे सर्वांत सोपं उदाहरण होतं. 2020 च्या एप्रिलपासूनच्या बीएस-6 (प्रदूषणाच्या कडक नियमांतल्या) गाडीत हीच गोष्ट कितीतरी पटीने अवघड आहे, कारण तिथे इंजिन, गिअरबॉक्स, एबीएस, स्टेअरिंग हे सगळे संगणक एकमेकांची हजेरी घेत असतात. ओळखीचा भिडू दिसला नाही तर गाडी जेमतेम रांगण्याइतकीच ताकद देते.

"मग एएमटी टाकू, तो तर मॅन्युअलच आहे ना?" हा पुढचा तर्क, आणि तो वाजवी आहे. यांत्रिक बाजूने तो खरंच जवळचा आहे. पण एएमटीचा जीव त्या लोखंडात नसतो, त्याच्या संगणकात असतो: क्लच किती मिलिमीटरला पकडतो, प्लेट झिजल्यावर तो बिंदू किती सरकला, चढावर किती रेस द्यायची. वायरिंग, ईसीयू आणि संगणकाला हे सगळं शिकवायची प्रक्रिया कंपनीच्या स्कॅनरशिवाय होत नाही, आणि वापरात असलेली मॅन्युअल गाडी एएमटी करून द्यायला कंपनीचं सर्व्हिस सेंटर तयार होत नाही.

आरटीओ आणि विमा

मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 सांगतं की निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरबदल मालकाने गाडीत करू नये. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हाच अर्थ ठाम केला. त्याच वर्षी कायद्यात सुधारणा झाली आणि कलम 182-अ मध्ये परवानगी नसलेल्या फेरबदलाला शिक्षा आली: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरबदलामागे 5 हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. सूट आहे, पण ठरावीक गोष्टींना. सीएनजीसारखं इंधन बदलणारं मान्यताप्राप्त किट बसवता येतं, आणि दिव्यांग व्यक्तीसाठी गाडी तिच्या गरजेनुसार बदलता येते. या दुसऱ्या सवलतीकडे पुढे येऊच.

इथे कोणीतरी म्हणतंच, "आरसीवर गिअरबॉक्सचा रकाना कुठे असतो? कोणाला कळणार आहे?" रकाना नसतो हे खरं. पण मॉडेलच्या नावात व्हेरियंट बहुतेकदा लिहिलेला असतो, आणि चासी नंबरवरून ती गाडी कारखान्यातून काय म्हणून बाहेर पडली हे कंपनीला कळतं. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी संपली की पुढच्या प्रत्येक 5 वर्षांच्या नूतनीकरणाला ती आरटीओच्या निरीक्षकासमोर उभी करावी लागते. पण मला विचाराल तर निरीक्षकापेक्षा सर्व्हेअरला जास्त घाबरा. मोठा अपघात झाला की विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडी उघडून बघतो. न कळवता केलेला एवढा मोठा बदल त्याला सापडला, तर दुरुस्तीचा दावा नाकारायला आयतं कारण मिळतं. ज्या गाडीवर दीड-दोन लाख नुकतेच घातले, तिचाच दावा अडकतो.

मग गुडघ्याचं काय करायचं?

बदल करायचं कारण काय, हे इथे पुन्हा नीट विचारायला हवं, कारण प्रत्येक कारणाचं उत्तर वेगळं आहे.

क्लच जड लागतो म्हणून ऑटोमॅटिक हवं असेल तर आधी क्लच तपासून घ्या. हे फार थोड्यांना माहीत असतं: क्लच प्लेट झिजत जाते तसा प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगचा कोन बदलतो आणि पेडल हळूहळू जड होत जातं. ते इतकं सावकाश होतं की रोज चालवणाऱ्याला कळत नाही, दुसऱ्या कोणी गाडी चालवली की तो म्हणतो, "केवढा कडक आहे रे क्लच तुझा!" त्यात केबल कोरडी पडलेली असली तर विचारायलाच नको. लहान गाडीला प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा पूर्ण संच आणि नवी केबल घातली तर गिअरबॉक्स बदलण्याच्या खर्चाच्या एका लहानशा हिश्श्यात काम होतं. संच बदलून आल्यावर कित्येकांची ऑटोमॅटिकची हौस तिथेच मिटते. सिग्नलला क्लच दाबून न ठेवता न्यूट्रल करायची सवय लावली तर गुडघाही सुटतो आणि नवा संचही टिकतो.

डाव्या पायाला खरोखरच अपंगत्व असेल तर गोष्ट वेगळी, आणि तिथे कायदा तुमच्या बाजूने आहे. गिअरबॉक्स तसाच ठेवून फक्त क्लच आपोआप चालवणारी किट मिळतात. गिअरच्या दांड्यावर हात ठेवला की यंत्रणा क्लच ओढते, गिअर आपण हातानेच टाकायचा, आणि क्लच सोडायचं काम पुन्हा यंत्रणा करते. अडचण उजव्या पायाची असेल तर हाताने ब्रेक-ॲक्सिलरेटर द्यायच्या किंवा डाव्या पायाने ॲक्सिलरेटर द्यायच्या सोयीही असतात. किट घेताना त्यावर पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र आहे का ते बघायचं, आणि आरटीओकडून गाडीची नोंद 'रूपांतरित वाहन' अशी करून घ्यायची. आरसीवर ते आलं की विमा कंपनीलाही कळवायचं. या सगळ्या लेखात मी ज्याला मनापासून "हो, करा" म्हणेन असा हा एकच बदल आहे.

ज्याला पाय दुखण्यापेक्षा रोजच्या ट्रॅफिकचा वैताग आहे, त्याने सरळ हिशेब मांडावा. समजा तुमच्या मॅन्युअल गाडीला 3 लाख मिळतात, आणि तेवढ्याच वयाची एएमटी 3 लाख 60 हजारांना येते. नाव बदलणं, विमा, दलाली धरून आणखी वीसेक हजार. म्हणजे 80 हजारांत कंपनीने जोडलेली, कागदपत्रं स्वच्छ असलेली ऑटोमॅटिक दारात. बदलाच्या वाटेवर जुना गिअरबॉक्स, कन्व्हर्टर, शाफ्ट, रेडिएटर, ईसीयू, वायरिंग आणि मजुरी यांची बेरीज यापेक्षा कमी आली तर मला आश्चर्य वाटेल. वर 3 लाखांची गाडी विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक "हे काय केलंय?" म्हणून निम्मी किंमत सांगेल. नव्या गाडीतही एएमटीसाठी साधारण 50 हजारांच्या आसपासच जास्त मोजावे लागतात. खूप कमी पैशांत मिळणारी गोष्ट आपण खूप पैसे घालून गॅरेजमध्ये बनवायला निघालेलो असतो. ह्युंदाईने 2020 मध्ये वेन्यूत आणलेली आयएमटी हाही एक पर्याय आहे: क्लचचं पेडल नाही, गिअर मात्र आपल्या हातात. सेकंडहँडमध्ये ती सापडते.

उलटी बाजूही बघायला हवी, कारण तिथली माणसं जास्त घायकुतीला आलेली असतात. जुनी डीएसजीची गाडी स्वस्तात घेतली, वर्षभरात गिअरबॉक्स रुसला, सर्व्हिस सेंटरने आकडा सांगितला आणि आता वाटतंय की सरळ मॅन्युअल टाकून मोकळं व्हावं. हे अगदीच हवेतलं नाही. 2013 मध्ये खुद्द फोक्सवॅगनने कोरड्या क्लचच्या 7 गिअरवाल्या डीएसजीतलं सिंथेटिक तेल काढून खनिज तेल घालण्यासाठी जगभरातल्या सुमारे 16 लाख गाड्या परत बोलावल्या होत्या. उष्ण, दमट हवा आणि सतत थांबत चालणारी वाहतूक यांत त्या तेलामुळे विजेचा बिघाड होऊ शकत होता. मुंबईचं वर्णन याहून वेगळं काय करायचं! पण तरीही आधी निदान पक्कं करा. "गिअरबॉक्स गेला" असं सांगितलं जातं तेव्हा बऱ्याचदा गेलेला असतो तो क्लचचा संच किंवा मेकॅट्रॉनिक नावाचा नियंत्रण करणारा भाग. दातांची पेटी शाबूत असते. तेवढाच भाग दुरुस्त करणारे कारागीर मुंबई-पुण्यात आहेत. तेही महागात पडत असेल तर त्याच प्रकारचा जुना गिअरबॉक्स बसवा. त्यात गाडीचा प्रकार बदलत नाही, त्यामुळे कायद्याचा प्रश्न येत नाही.

हौसेने ऑटोमॅटिक काढून मॅन्युअल टाकणारी मंडळी अमेरिकेत पुष्कळ आहेत. जुन्या स्पोर्ट्स गाड्यांसाठी तिथे त्याचे तयार संचही विकले जातात. आपल्याकडे कायद्याचं वर सांगितलेलं कलम हौसेलाही तेवढंच लागू आहे.

एक शेवटची सूचना, सेकंडहँड ऑटोमॅटिक बघायला जाणाऱ्यांसाठी. गाडी थंड असताना आणि अर्धा तास चालवून गरम झाल्यावर, दोन्ही वेळा चालवा. गरम झाल्यावरच खोड्या बाहेर पडतात. ब्रेकवर पाय ठेवून एन मधून डी आणि आर मध्ये टाका, धक्का बसतो का बघा. एएमटी असेल तर एखाद्या चढावर थांबून सुटा. तिथे जळक्या वासाची चाहूल लागली तर क्लच संपत आलाय. टॉर्क कन्व्हर्टरचं तेल काळं पडून करपल्यासारखं वास मारत असेल तर सौदा तिथेच थांबवा. दांडा डी मध्ये ठेवून, ब्रेक घट्ट दाबून, समोर मोकळी जागा असताना चावी फिरवून बघा: स्टार्टर फिरता कामा नये. आणि चासी नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये विचारा की ही गाडी कारखान्यातून ऑटोमॅटिक म्हणूनच निघाली होती ना. कोणाचा तरी अर्धवट जमलेला प्रयोग ऑटोमॅटिकच्या भावात तुमच्या गळ्यात पडायला नको.